सिमेंटचा शेला

एनॉक लक्स्टनने मला उभारले. त्याच्या जेथ्रोने माझे छप्पर गव्हाच्या काडाने शाकारले. जेथ्रोच्या हर्बर्टने माझ्यात विजेचा दिवा आणला. आणि हर्बर्टची मर्ट्ल माझ्याच माडीवर जन्मली. मित्रांनो, मी डेव्हन परगण्यातल्या कोम्बली गावचे जुने मातीचे घर. घराण्यासकट ओळख सांगण्याची मला सवय आहे.

माती, काड आणि शेण बैलांच्या पायांखाली तुडवून माझ्या दोन हात जाड भिंती रचल्या. दर वसंतात त्यांच्यावर चुन्याचा हात फिरे. पावसाचे पाणी माझ्यात शिरे आणि वाऱ्याबरोबर निघूनही जाई.

माझ्या डोळ्यांदेखत गल्ली बदलली. लोहाराचे घर, मास्तरांचे घर शहरातल्या लोकांनी घेतले. ते शनिवार-रविवारपुरते येत. हिवाळ्यात धूर निघे तो एकट्या माझ्या धुराड्यातून. त्याचा मला गर्व होता आणि मी तो लपवणार नाही.

पुढे गावाने नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत नाव दिले. समितीच्या पॉमरॉयबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"मर्ट्ल, परीक्षक याच रस्त्यानं येणार. हे पोपडे बघून काय म्हणतील ते?"

"म्हणतील, इथं कुणीतरी राहतं!"

टोला तर तिने हाणला. पण 'पोपडे' हा शब्द तिला लागला होता. साठवलेले सगळे खर्चून तिने मला सिमेंटचा गिलावा करवला. नव्या शेल्यासारखा तो माझ्या अंगावर घट्ट बसला. 'नको गं पोरी!' असे मला ओरडायचे होते. पण मला दार होते, तोंड नव्हते.

गावाला ढाल मिळाली. छायाचित्रात मधोमध मी होते. त्यानंतर छपराखालून झिरपलेले पाणी सिमेंटमागे अडकू लागले. माझा पाया लापशीसारखा झाला. मर्ट्ल दिवसभर चूल धगधगती ठेवी, कपाटामागची बुरशी पुशी. शेजारचा शेतकरी सिरिल ब्राऊंड एकदा म्हणाला,

"अगं मर्ट्ल, भिंतीला पोट सुटलंय."

"तुझ्यापेक्षा कमीच आहे. चहा पी आणि गप बस."

तो गेल्यावर मात्र तिने भिंतीवर तळहात टेकला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. हा शेला ओरबाडून काढ, मी अजून वाचेन, एवढेच तिला कळायला हवे होते. ते मला सांगता आले नाही.

फेब्रुवारीत ती कोंबड्यांची अंडी आणायला परसात गेली असताना माझी मागची भिंत बसली. फारसा आवाजही झाला नाही. टोपली हातात धरून मर्ट्ल उघड्यावर आलेल्या आपल्या पलंगाकडे पाहत राहिली. उरलेले घरही उतरवावे लागेल, असे तपासनीस सांगून गेले. तिला गावाबाहेर विटांची नवी खोली मिळाली.

मित्रांनो, जुन्या वास्तूला नटवण्याआधी ती कशाची बनली आहे, एवढे विचारा. मर्ट्लचे माझ्यावर प्रेम होते. तरी मी पडले.

माझी माती सिरिलच्या शेतातल्या खड्ड्यात नेऊन टाकली. मला बांधण्यासाठी एनॉकने तिथूनच ती सिरिलच्या पणजोबांकडून मागून घेतली होती. घर संपले की माती परत, असा शब्द हातावर हात मारून दिला होता. दोन्ही घराण्यांत तो कुणीही विसरले नव्हते.

शेवटची गाडी रिकामी झाली. मर्ट्ल फाटकाला धरून उभी होती.

"नीट बघून घे रे. मागाहून कुरकुर नको."

सिरिलने टोपी काढली. "भरून पावलो, मर्ट्ल."

खड्डा जमिनीबरोबर झाला होता.