एकोणीस नंबर

सुलक्षणाने पगाराचं पाकीट उलटं करून झटकलं, चिठ्ठी उजेडात धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“अहो, हे एकोणीस नंबर काय?”

“असेल काहीतरी,” मोरीतून सहदेव म्हणाला आणि धुतलेलं तोंड पुन्हा धुवायला लागला.

कंपनीत नवं मशीन आल्यापासून चिठ्ठीवरची नावं गेली होती. पैसे ज्या संस्थेसाठी कापले, तिचा नुसता नंबर यायचा. सात म्हणजे पतपेढी, नऊ म्हणजे युनियन, अकरा म्हणजे विमा. विक्रोळीच्या त्या चाळीत बायकांना हे नंबर पाढ्यांसारखे पाठ. कुणी कर्ज काढलं की नळावर बोभाटा व्हायचा, ‘सातात बुडाला गं!’ पण एकोणीस अजून कुणाच्याच घरी आला नव्हता. शेजारच्या शकुलाही तो माहीत नव्हता.

सुलक्षणा हाताची घट्ट, आणि त्याचा तिला अभिमानच होता. नाहूरला स्वतःची खोली घ्यायची तर हात आवळावाच लागतो. साडी पुढच्या दिवाळीला, पंखा पुढच्या उन्हाळ्यात, गावी सासूला मनीऑर्डर पुढच्या महिन्यात. मनीऑर्डरचं सहदेव आधी फार विचारायचा. हल्ली विचारत नव्हता. नवरा शहाणा झाला, असं तिला वाटलं होतं.

ती वरच्या मजल्यावर नंदकिशोरकडे गेली. तो कंपनीच्या पगार खात्यात कारकून. चिठ्ठी बघताच त्याने बायकोला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं.

“वहिनी, सहदेवलाच विचारा ना.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“एकोणीस म्हणजे कोर्ट,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “पोटगी. हुकूम आला की पगारातून परस्पर कापावी लागते.”

जिना उतरताना तिने कठडा सोडला नाही. पोटगी मिळते टाकलेल्या बाईला. म्हणजे आपल्याआधी कुणी होती? इतकी वर्षं आपण संसार केला तो कुणाच्या नवऱ्याशी?

सहदेव जेवायला बसला होता. तिने चिठ्ठी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“कोण ती?”

त्याने घास परत ताटात ठेवला.

“नाव सांगा तिचं!”

“मंजुळा.”

मंजुळा हे सुलक्षणाच्या सासूचं नाव.

“आईंनी? पोटच्या पोराला कोर्टात खेचलं? लाज नाय वाटली त्यांना?”

“तिला काय कळतंय गो कोर्टातलं? पोटगी आईलापण मागता येते. वकील मी बघितला, अर्ज मी लिहून घेतला. ती रडत होती. पोराविरुद्ध अंगठा कसा देऊ, म्हणत होती.”

“तुम्ही? स्वतःवरच केस?”

“पाकीट तुझ्या हातात येतं,” सहदेव ताटाकडे बघत म्हणाला. “त्याच्या आधीच कापलं जायला हवं होतं. दुसरा रस्ता सुचला नाय.”

शरमेने सुलक्षणाचे कान तापले. तिने पातेलं ओढलं आणि खाली मान घालून त्याच्या ताटात भात वाढला.

सकाळी नळावर शकुने विचारलं, “काय गं, लागला का पत्ता तुमच्या एकोणीसचा?”

“लागला.”

“कोण निघालं?”

“मीच.”

शकु खो खो हसली. सुलक्षणाचा हंडा भरून वाहायला लागला होता, तरी ती नळ बंद करायचं विसरली.