एका बाकावरचा टॅब

मोठ्या सरांना माझ्यापासून काय मिळणार होते, ते आधी सांगतो. मला वर्गात आणले की शाळेचे नाव होणार, पाहुणे येणार, आणि त्यांच्या खोलीतल्या रिकाम्या कपाटावर एक चषक बसणार. मुलांना काय मिळणार, हा हिशेब कोणी मांडला नव्हता. ते आपोआप मिळेल, असे सगळे धरून चालले होते.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जिने मला घडवले, ती फार चिकाटीची बाई होती. मूल कुठे अडते, कुठे सुसाट सुटते, हे पाहून त्याच्यापुरता पुढचा धडा आखायचा, हे तिने मला शिकवले. मूल आपला धडा पुरा करी, तेव्हा सरांच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर त्याचा चौकोन हिरवा होई. खोक्यावर तिने ठळक लिहिले होते, एका मुलाला एक.

सरांनी ते वाचले आणि बाकावर एक असे वाटप केले.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "सर, हा एकाच मुलाला ओळखतो म्हणे."

"बाई, बाकावर दोघी बसतात ना? मग एकीच्या नावाने चालू करा, दोघी वापरतील. पाहुणे काय बाकाखाली वाकून बघणार आहेत?"

बाईंनी मान खाली घातली आणि मला चालू केले.

माझ्या बाकावर दोघी होत्या. एकीला वर्ग तुरतुरी म्हणे. प्रश्न वाचायच्या आधीच तिचे बोट उत्तरावर. दुसरी गोगलगाय, कागदाच्या पाठीमागे आकडेमोड करायची, ओठ हलवायची, मग हळूच बोट टेकवायची, आणि ते बरोबर असायचे. मला कान होते, पण ऐकलेले मोजायची सोय नव्हती. मी मोजत होतो फक्त बोटे, आणि बोट कोणाचे ते मला कळत नव्हते. तुरतुरीच्या चुका आणि गोगलगायीचा वेळ एकत्र कालवून मी एक तिसरीच मुलगी तयार केली, उतावळी आणि मंद. त्या नसलेल्या मुलीसाठी मी इमानेइतबारे धडे आखू लागलो. अपूर्णांक तिला झेपत नाहीत, असे ठरवून ते काढून टाकले. सोप्याहून सोपे दिले, बरोबर उत्तराला एक चांदणी दिली. चौकोन रोज हिरवा.

"हे तर मागेच झालं. पुढचं कधी येणार गं?" गोगलगाय विचारी.

"गप बस ना. चांदणी मिळतेय ती घे."

पाहुणे हिरवा पडदा बघून गेले आणि चषक आला. सरांनी तो स्वतः पुसून कपाटावर ठेवला.

वर्षाच्या मध्यावर गोगलगायीची आई आली. शिवणकाम करणारी, बोटाला सुईची भोके. पोरीला विज्ञानाच्या मोठ्या शाळेत जायचे होते. तिथल्या प्रवेश परीक्षेसाठी शिकवणी लावू का, एवढेच तिला विचारायचे होते. सरांनी पडद्यावरच्या त्या बाकाच्या चौकोनाकडे बोट दाखवले.

"ताई, हिरवं दिसतंय ना? हे यंत्र तुमच्या पोरीला तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतं."

"तुम्ही म्हणता तर असेल, सर," ती म्हणाली, आणि शिकवणी राहिली.

तुरतुरीचे वडील पक्के. हिरव्या चौकोनाचे कौतुक केले आणि गुपचूप घरी मास्तर लावला.

परीक्षेत पानोपानी अपूर्णांक होते. निकालाच्या दिवशी गोगलगाय बाईंपुढे उभी राहिली. "बाई, हे आपल्याला कधी शिकवलं?"

बाईंनी मला उघडले, आखलेले सगळे धडे चाळले. "अगं, तुम्हा दोघींना मिळून यानं एकच मुलगी धरलं."

"मग त्यात मी कुठे होते?"

बाईंनी मला बंद केले आणि सरांच्या खोलीत नेले.

सरांनी यंत्रच सदोष असल्याचे वर कळवले आणि मला कपाटात टाकले, चषकाच्या बरोबर खाली.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या हाती आला, तर त्याला तुमची एकट्याची ओळख द्या. आणि मोठ्यांना सांगा, हिरवा चौकोन दिसला तरी एकदा पोराच्या तोंडाकडे बघून विचारा, 'तुला काय येत नाही?'

आता शेवटची गोळाबेरीज. सरांना चषक मिळाला. तुरतुरीला मोठी शाळा मिळाली. मला धूळ मिळाली, ती माझ्या लायकीचीच. आणि या सगळ्याची किंमत मोजली तिने, जिला मी एकदाही ओळखले नाही.