चार मात्रांत कापलेला नामघोष

मित्रांनो, मी अण्णा नगरातल्या एका घरातला जुना संगणक. कपाटाशेजारी धूळ खात पडलोय आणि आज माझं डोकं भयंकर तापलंय.

सईबाईंच्या लेकीने, रंजनीने, मला आणलं ते स्वरलिपी छापायला. इथल्या जवळच्या मठातला सांजेचा नामघोष तंजावरहून आलेला. तो पुरता येणाऱ्या आता एकट्या सईबाई. त्या गायच्या, रंजनी एकेक सूर माझ्यात बसवायची. संगीत लिहिण्याचं ते सॉफ्टवेअर महाहट्टी. ओळ दिसली की तालाच्या उभ्या रेघा मारून तुकडे पाडायचं. रंजनीने त्या सगळ्या काढल्या. आरतीचं ताट सगळ्यांपुढून फिरतं तेव्हा 'राम' लांबवायचा असतो. तिथे तिने मात्रा लिहिल्याच नाहीत, नुसती लांब आडवी रेघ ओढली. सईबाईंनी माझ्या पडद्यावरून हात फिरवला. फार बरं वाटलं हो.

पुढे रंजनी लग्न होऊन कोइंबतूरला गेली. तिचा भाऊ गिरीधर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात इंजिनिअर, तिथे सगळं घड्याळावर. त्याने मला कोपऱ्यात ढकललं, नव्या लॅपटॉपवर नामघोष उतरवला आणि त्या रेघेला अर्धवट काम समजून चार मात्रा देऊन मोकळा झाला! आई घरातच होती, पण तिला विचारतो कोण?

रामनवमीला मठात काय झालं ते त्यांच्या बोलण्यातून कळलं. मठातली मुलं गिरीधरने छापलेल्या कागदावरून गायली. चार मात्रा संपताच पुढे निघाली. ताट अजून मधल्या रांगेत होतं. सईबाई एकट्याच 'राम' धरून राहिल्या, दम तुटेपर्यंत. नामघोष संपला तसं रिवाजाप्रमाणे ताट देवापुढे परत गेलं. मागच्या बायका हात पुढे करून तशाच उभ्या. वर कौतुक काय, तर यंदा अगदी वेळेत झालं म्हणे!

घरी आल्यावर सईबाई लेकाला एवढंच म्हणाल्या, "कण्णा, बाळा, शेवटच्या माणसाला आरती मिळेपर्यंत तो राम असतो रे."

"आई, संगणकाला तसं लिहिता येत नाही," गिरीधर म्हणाला.

धादांत खोटं! नाचता येईना अंगण वाकडं, आणि खापर माझ्या माथी. मी लिहिलं होतं, माझ्या पोटात ते अजून आहे. पण कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. सईबाईंनी मान डोलावली. त्यांना ते खरं वाटलं, याचाच मला संताप येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी म्हणजे नुसतं फडकं मारणं नव्हे. एकदा चालू करून आत काय आहे ते बघा. आणि लवकर बघा. सईबाई रोज संध्याकाळी बोटांवर मोजत चार मात्रांत थांबायला शिकताहेत, आणि त्यांना ते जमायला लागलंय.