जाळीवरची खोली

यंदा दोन घरं तापवायची नाहीत, हे एमिलने ऑक्टोबरातच ठरवलं. आमचं ट्रेलरचं घर गावाबाहेर, नदीकाठच्या वाऱ्यात उभं. त्याच्या टाकीत कितीही रॉकेल ओता, सगळी ऊब भिंतींतून निघून जाते. त्याच्या आईकडे लाकडावरची मोठी लोखंडी शेगडी आहे, आणि लाकूड एमिल स्वतःच जंगलातून आणतो. आमच्या खोऱ्यात हे नवं नाही. हिवाळ्यापुरतं एका छपराखाली यायचं, बर्फ वितळलं की आपापल्या दारी. मी हो म्हटलं. एमिल सोमवारी लाकूडतोडीवर जातो तो शुक्रवारीच परततो, म्हणजे आठवडाभर मी, तान्ही जोझी आणि सासूबाई, हे हो म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

रोलांद त्यांचं नाव; पण जोझी झाल्यापासून त्या सगळ्यांच्याच मेमे, म्हणजे आजी, झाल्या आहेत. माझ्याही. त्यांच्या घरात ऊब वाया जात नाही. पाव भाजून झाला की भट्टीचं दार उघडं राहतं. अंघोळ झाली तरी टबातलं पाणी सोडायचं नाही; गार होईपर्यंत ते न्हाणीघर तापवतं. आणि स्वयंपाकघराच्या छतात ताटाएवढी एक जाळी आहे, तिच्यातून शेगडीची ऊब थेट वरच्या खोलीत चढते. झोपायच्या खोल्यांत सगळ्यात उबदार तीच. मेमेंनी ती काही न बोलता आम्हाला दिली आणि स्वतः मागच्या गारठ्यात झोपायला गेल्या.

पण जाळीतून ऊब येते तसं बोलणंही येतं.

दुपारी जोझी झोपली की मीही तिच्याशेजारी आडवी होत असे. नेमका त्याच वेळी खाली मेमेंचा बहिणीला, क्लोदेतला फोन. सुरुवातीला मी उशीत तोंड खुपसून हसले. मी टबातलं पाणी गरम असतानाच सोडलं होतं, त्यावर मेमे सांगत होत्या, गटारात कोण कुडकुडत होतं देव जाणे. मी शेगडीचं दार उगाच उघडून बघते, बटाट्याची सालं जाड काढते, तेही खरंच होतं. मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "आणि पोरीला उचलते कशी, तर बटाट्याचं पोतं उचलल्यागत."

जोझी तेव्हा माझ्या दंडावर होती. तिला जाग येऊ नये म्हणून मी रडलेसुद्धा नाही. तिला खाली निजवलं, पलंगाजवळचा गालिचा ओढला आणि जाळीवर टाकला.

एमिलला फोनवर सांगितलं, ट्रेलरची टाकी भरून घे, आम्ही परत जातोय. या थंडीत कशाला, आई काही बोलली का, असं त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं, इथे फार उकडतं.

खाली खरोखरच उकडायला लागलं होतं. मेमे बाह्या सारून शेगडीची हवा कमी करत आणि पुटपुटत, यंदाचं लाकूड भलतंच पेटतंय. वर मात्र खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटली. जोझीला मी कपड्यांवर कपडे घातले. नाक तरी गारच.

मेमे धुतलेले लंगोट घेऊन वर आल्या तेव्हा त्यांनी आधी काच पाहिली. मग जोझीच्या नाकाला बोट लावलं. मग गालिचा दिसला. गुडघे टेकून त्यांनी तो बाजूला केला आणि जाळीतून खाली, आपल्याच फोनच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मी भांडणाच्या तयारीत उभी.

"मी गोधडी टाकली होती," त्या म्हणाल्या. "लग्नातली. आमच्या सासूचा आवाज कसला दणदणीत."

"मग?"

"मग एमिल झाला. काढली गोधडी." पलंगाचा आधार घेत त्या उठल्या. "लेकराला ऊब लागते."

एवढंच. लंगोट ठेवून खाली गेल्या.

त्यानंतर दुपारी खाली सामसूम. जाळीतून नुसती ऊब येई. मला वाटलं, अबोला धरला. एवढं झाल्यावर राहायचं तरी कोणत्या तोंडाने, म्हणून मी बॅग भरायला घेतली.

गुरुवारी जोझीचं दूध गरम करायला खाली आले तर स्वयंपाकघर रिकामं. पडवीच्या दाराच्या काचेतून डोकावले. त्या गारढोण पडवीत, लाकडाच्या थप्पीवर, मेमे बसल्या होत्या. अंगात सासऱ्यांचा जुना कोट, डोक्याला कानटोपी, पायात घरातल्याच सपाता, कानाला फोन. शब्द कळत नव्हते, वाक्यागणिक तोंडातून वाफ तेवढी दिसत होती. वाक्यं बरीच होती.

मी दार उघडलं.

"दार लाव, ऊब जाते."

"मग आत या."

"माझं बोलणं व्हायचंय."

"आत बोला."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुझ्याबद्दल आहे."

"ठाऊक आहे. नाक बघा कसं लालभडक झालंय."

त्या आल्या. कोट न काढताच शेगडीशी बसल्या, आणि सून समोर आहे, तिनेच बोलावलंय, हे क्लोदेतला सांगून पुढे सुरू झाल्या. मी जोझीला घेऊन समोर बसले. मेमे बोलता बोलता थांबल्या, फोन बाजूला धरून मला म्हणाल्या, "हात जरा मानेखाली घे." मी घेतला. जोझीने अंग सैल सोडलं.

मग फोन माझ्यापुढे आला. क्लोदेतला माझी बाजू ऐकायची होती. मी आधी चाचरले, मग लागले सांगायला: मी खोलीत असतानाच मेमे दिवा घालवतात, मी टाकलेलं लाकूड चिमट्याने फिरवून पुन्हा लावतात. मेमे कुट्टूच्या पिठाचे घावन घालत ऐकत होत्या, आणि मधूनमधून दुरुस्ती करत होत्या. तू निघालीच होतीस, म्हणून घालवला दिवा. लाकूड उलटं टाकलं होतंस.

शुक्रवारी एमिल आला. बूट काढायच्या आधीच त्याने घाबरत विचारलं, रॉकेलवाल्याला बोलावू का?

मी काही म्हणायच्या आत मेमे म्हणाल्या, "कशाला? तिचं अजून सांगून कुठे झालंय."