तीन राजपुत्र आणि माधुरीचं गाठोडं

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. म्हसा गावच्या जत्रेत सिनेमाच्या तंबूसाठी मला शिवलं होतं. माणसं माझ्या पुढेही बसत आणि मागेही. मागच्यांना चित्र उलटं दिसे, तरी टाळ्या त्यांच्याच जास्त. पुढे तंबू मोडला आणि मी शहापूरकडच्या एका कॉलेजात आलो.

तिथे सुरेंद्र सरांनी एकदा माझ्यावर एकाच नाटकावरच्या तीन इंग्रजी सिनेमांतला एकच प्रसंग दाखवला. एक राजपुत्र एकटाच उभा राहून स्वतःला विचारतो, या त्रासातून कायमचं सुटावं का? भाषण तेच, राजपुत्र तीन. पहिला बुरुजावर चढून असा ओरडला, की आलेलं मरणही घाबरून माघारी फिरावं. दुसरा घोड्याच्या मानेत तोंड खुपसून पुटपुटला. ऐकायचं कोणी, घोड्याने? तिसरा भरल्या ताटासमोर रडला, पण कपाळावरची बट काही विस्कटू दिली नाही. जन्मभर नट अंगावर वागवले मी, पण असली पोट भरलेली दुःखं पाहिली नव्हती. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"कोणता खरा वाटतो?" सरांनी विचारलं.

डोळखांबकडच्या पाड्यावरची माधुरी उठली. "एकबी नाय, सर. ज्याला खरंच जायाचं असतं, तो बोलत नाय बसत. गाठोडं बांधतो."

"वा! काय निरीक्षण आहे!" सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. गाठोडं कोणाचं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

ते तिचंच होतं. भात झोडून झालं की पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात. तिची आई, हौशी, वर्गाच्या दाराशीच थांबली होती.

"सर, पोरीला वसतिगृहात ठेवता का? नायतर मी भट्टीवर नेते तिला."

"आता जागा नाही हो. पुढच्या वर्षी बघू." मग सरांना दानशूरपणाचा झटका आला. "हा पडदा न्या हवा तर. आमच्याकडे मोठा टीव्ही येतोय. झोपडीला आडोसा होईल."

आता मी मुरबाडजवळच्या भट्टीवर झोपडीची भिंत आहे. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात माधुरीची सावली माझ्यावर पडते. ती ओरडत नाही की रडत नाही. दिवसभर विटा थापून नखांत बसलेला चिखल काडीने काढत राहते. ते तिन्ही राजपुत्र तिच्या पासंगालाही पुरायचे नाहीत.

मित्रांनो, "आम्हाला जपा" असं शेवटी सांगायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. मला नका जपू. मी फाटलो तर हौशी ठिगळ लावेल. तुम्ही सुरेंद्र सरांना फक्त एवढं सांगा, की टाळ्या वाजवून झाल्या असतील, तर माधुरीला न्यायला या.