ब्लाउजपीसातल्या बाटल्या

सूर्यकांत कोरोनातून उठला, पण त्याचं नाक काही उठलं नाही. वास म्हणून जी चीज असते, ती गेली ती गेलीच. वसमतच्या बाजारात हळदीची अडत चालवणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे सोनाराची नजर जाण्यापैकीच. हळकुंड मोडायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, माल सुका आहे की आतून ओल धरून बसलाय. त्यावरच त्याचं नाव होतं. नाव गेलं की हळदीचे ढीगही दुसऱ्याच्या दारात पडणार, हे कळायला फार शहाणपण लागत नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसला.

पण मूठ झाकून ठेवायलाही ताकद लागते. सकाळी बायको प्रेमा हिनं फोडणी दिली की चर्र आवाज ऐकून "वा, काय वास सुटलाय!" म्हणायचं. बाजारात हळकुंड नाकाशी धरून उगाच डोळे मिटायचे. त्यात शेजारी संतराम असायचाच. कुरुंद्याचा संतराम, हट्ट्याच्या शाळेपासूनचा सोबती. शेती पोराच्या हवाली केल्यापासून रोज अडतीवर येऊन बसायचा. अलीकडे त्याला मधेच तोंड घालायची खोड लागली होती. सूर्यकांतानं डोळे मिटले की हा आधीच पुटपुटायचा, "ओल वाटून राहिली जराशी." सूर्यकांत वरून चिडायचा, आतून सुटल्यासारखा व्हायचा आणि म्हणायचा, "तेच म्हणतो मी." संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगात त्राण नसायचं. काम काही वाढलं नव्हतं, सोंगानंच माणूस दमायचा.

त्यात ही बाटल्यांची भानगड. मुलगी जान्हवी फ्रान्समध्ये नोकरीला. दरवेळी येताना बापासाठी तिकडची जुनी, वर्षानुवर्षं मुरलेली लाल वाइन आणायची. सूर्यकांत, संतराम आणि औषधांचा दुकानदार शिवशंकर या तिघा दोस्तांना तिनंच एक खेळ शिकवला होता. बाटल्या झाकायच्या, चाखायच्या आणि कोणती कुठली, किती जुनी ते ओळखायचं. झाकायचं काम प्रेमाचं. हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाउजपीस तिच्या कपाटात मावत नव्हते. बाटल्यांना ती तेच गुंडाळायची. "घरात दारू आलीच हाय, तर निदान अंगभर कपडे तरी घालून बसू द्या तिला," म्हणायची. ओळखण्यात सूर्यकांताचा हात धरणारा कोणी नव्हता. आजारानंतर मात्र कधी सर्दी, कधी श्रावण, अशी कारणं काढून त्यानं खेळ टाळला होता. या रविवारी दुपारी शिवशंकर बूच काढायचा स्क्रू खिशात घालूनच हजर झाला. "सर्दी न्हाई, श्रावण न्हाई. आता काय सांगतोस?"

सूर्यकांतानं मनाशी बेत आखला होता. नाक नसलं तरी डोळे होते. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातली वाइन फिकी असते, बोर्दोकडची गडद, आणि फार मुरली की पेल्याच्या कडेला विटकरी झाक येते. हिरव्या पीसातली त्यानं पेल्यात ओतून खिडकीशी धरली आणि म्हणाला, "बर्गंडी." शिवशंकरनं पीस सोडून लेबल वाचलं. बराबर. पिवळ्यातली बघून म्हणाला, "बोर्दो. फार जुनी नाही." तीही बराबर. त्याला धीर आला, आणि धीर आला की माणूस नको तेवढं बोलतो.

तिसरी लाल पीसातली. रंग थेट जुन्या विटेचा, तळाला गाळ. हीच सगळ्यात जुनी, यात शंका नव्हती. त्यानं पेला फिरवला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले आणि आजाराआधीची सगळी भाषा बाहेर काढली. "आहाहा! सुकं अंजीर. जंगलातला पाचोळा. असा वास नशिबानं मिळतो रे."

शिवशंकरनं पेला नाकाशी नेला आणि संतरामकडं पाहिलं. संतरामनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, पेला रिकामा करून खाली ठेवला.

"लै भारी," तो म्हणाला.

"भारीच हाय," म्हणत शिवशंकरही प्यायला.

तेवढ्यात प्रेमा भज्यांची ताटली घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो, ओलं गोणपाट कुणी आणलं घरात? बुरशीचा वास येऊन राहिला नुसता." वास काढत ती टेबलापर्यंत आली, लाल पीसातली बाटली उचलून हुंगली आणि तिनं तोंड वाकडं केलं. "ह्याच्यातूनच येतोय. तुमाला कळलं न्हाई?"

बूच बिघडलं की वाइनला असा वास मारतो, हे जान्हवीनं सांगून ठेवलं होतं. आणि भिजलेल्या पोत्याचा वास तर हळदीच्या मुलखात शेंबडं पोरगंही ओळखतं. सूर्यकांतानं पेला खाली ठेवला. आता आणखी एक खोटं रचायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "त्या तापापासून."

"ठाऊक हाय," संतराम म्हणाला.

"कवापासून?"

"वहिनी औंढ्याला दर्शनाला गेल्या व्हत्या तवा. मी आलो तर घरभर गॅस कोंडलेला, अन् तू इथंच बसून पेपर वाचून राहिला व्हतास. मी आत जाऊन बटन बंद केलं, खिडक्या उघडल्या."

सूर्यकांताला ती सकाळ आठवली. कडाक्याची थंडी, आणि हा गडी "लै उकडून राहिलं" म्हणत खिडक्या उघडत सुटला होता. आपण त्याला वेड्यात काढलं होतं. बाजारातलं ते पुटपुटणंही आत्ता कुठं त्याला उमगलं.

"बोलला काहून न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो. तू सोंग करायला लागलास, मंग मीबी लागलो. लै तकलीफ झाली गड्या."

सूर्यकांताचे डोळे भरून आले. "उद्या सौद्याला सगळ्यांसमोर सांगून टाकतो. माझं नाक गेलं, माल संतराम हुंगतो."

"समद्या बाजाराला ठाऊक हाय," शिवशंकर म्हणाला. "हमालाला सुदिक. तुझा काटा खरा हाय, म्हणून येतात लोकं."

सूर्यकांत हसला, आणि हसताना त्याला आपण किती दमलोय ते कळलं. "मंग मी इतकी वर्षं लपवून राहिलो होतो ते कुणापासून?"

प्रेमा भज्यांची ताटली धरून तशीच उभी होती.

"माझ्यापासून," ती म्हणाली.