माझ्या तळाचं बूच

मी एक जुनी, दोनच माणसांना घेणारी आणि खरं सांगायचं तर फार भित्री विलायती गाडी आहे, मित्रांनो. स्पोर्ट्स कार म्हटलं की कशालाच न जुमानणारी, वाऱ्याशी पैज लावणारी गाडी तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. माझं रूप तसंच आहे. लांब नाक, बुटकं अंग, डोक्यावर छप्पर नाही. पण बोटीवर चढवताना क्रेनच्या आकड्याला लटकून मी खालचा काळा समुद्र पाहिला आणि तेव्हा जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही.

माझा जन्म इंग्लंडचा. माझं नाव एमजीए. माझं अंग पत्र्याचं, पण पायाखालचा तळ मात्र लाकडी फळ्यांचा. हा तळ लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या फळ्यांवरच घडली आहे.

मुंबईच्या एका डॉक्टरसाहेबांनी मला हौसेनं आणलं. रविवारी ते मला घेऊन पनवेलमार्गे खंडाळ्याला जात. घाटात लोक थांबून बघत, मुलं हात लावून पळत. डॉक्टरसाहेब खूश होत आणि मी प्रत्येक वळणावर दरीकडे बघून मनातल्या मनात थरथरत असे. तरीही ते दिवस सुखाचे होते. साहेब रोज सकाळी कापडानं माझे दिवे पुसत आणि 'काय बाईसाहेब' म्हणत.

साहेब गेले आणि त्यांच्या पनवेलच्या जागेतल्या एका शेडमध्ये माझ्यावर ताडपत्री पडली. पुढची कित्येक वर्षं मी अंधारात काढली. उंदरांनी गादी कुरतडली. खाडीवरून येणारी खारी हवा पत्रा खात राहिली. तळाच्या फळ्या कुजून हाताला भुसा लागू लागला. अधूनमधून कोणी भंगारवाला यायचा, बोटाच्या पेराने मला ठोकून बघायचा. ती टकटक ऐकली की मला घाम फुटायचा, म्हणजे माझ्या रेडिएटरमध्ये पाणी असतं तर नक्की फुटला असता.

मग न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. कंटेनरचे अवाढव्य ट्रेलर आमच्या रस्त्याने धडधडत जाऊ लागले आणि जागेला भाव आला. शेड पाडायचं ठरलं. आता भंगारात जाण्यावाचून गत्यंतर नाही असं मी समजून चुकले होते, तेवढ्यात हरेश आला.

हरेश तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होता. शेडचा दरवाजा काढायला म्हणून आला आणि ताडपत्री उचलून बघत उभा राहिला. दरवाजा राहिला बाजूला. डॉक्टरांच्या घरच्यांना विचारून त्याने मला बैलगाडीमागे बांधलं आणि गावातल्या आपल्या घरी नेलं.

अंगणात त्याची आई दमयंती उभी होती. कमरेला पदर खोचलेला, हातात सूप. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझे उरलेसुरले स्क्रूसुद्धा ढिले झाले.

"ही गारी हाय का गारीचं मढं?" ती म्हणाली. "आणि माझ्या कोंबऱ्या कुठं जातील?"

त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. कोंबड्या कुठेच गेल्या नाहीत. त्या माझ्यातच राहायला आल्या. एक तांबडी कोंबडी माझ्या फाटक्या गादीवर अंडी घालायची. दमयंती रोज सकाळी दार उघडायची, अंडं घ्यायची आणि हळूहळू माझ्याशी बोलायला लागली. माझ्या बॉनेटवर मिरच्या वाळत घालताना सांगायची, "तुजं नाक मोठं हाय, बरं झालं. सगळ्या मिरच्या मावल्या." इतक्या वर्षांनी माझ्याशी कोणी बोललं होतं, मित्रांनो. मला ती फार आवडू लागली.

हरेश पाळी संपवून आला की कामाला लागे. मिठागरावर राबलेल्या त्याच्या बापाने शिकवलं होतं तसं तो काम करायचा, एक वाफा पुरता झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. माझं इंजिन पार आखडलं होतं. विलायती सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. मग त्याने एका जुन्या अँबेसिडरचं इंजिन आणलं. ते माझ्याच वंशाचं, चुलत भावासारखं, त्यामुळे जागेवर मुकाट्याने बसलं. पेट्रोलची मूळची नळी गंजून गेली होती. हरेश म्हणाला, "आपल्या रस्त्याला खालून नळी नेली त दगरानं तुटंल." म्हणून त्याने नवी नळी आतून, ड्रायव्हरच्या पायाजवळून नेली आणि मध्ये रबराचा एक तुकडा जोडला. कामात काही खोट नव्हती. पण पेट्रोल माझ्या पोटातून जाणार म्हटल्यावर मला धडकी भरली. सांगणार कोणाला?

आता राहिला तळ. तो करायला हरेशचा मामा आला. काशिराममामा, दमयंतीचा थोरला भाऊ, खाडीकाठी होड्या बांधणारा. त्याने वाकून माझ्या कुजक्या फळ्या पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले.

"लाकूर हाय ना? मंग ह्ये माझं काम हाय."

"मामा, ही गारी हाय, होरी नाय," हरेश हसून म्हणाला.

"वरती छप्पर हाय का?"

"नाय."

"पावसात उभी रवणार ना? मंग होरीच हाय."

मामाने सागाच्या फळ्या तासून घट्ट बसवल्या. फटींत कापूस ठोकला, वर राळ ओतली. मूळच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं होती, ती नव्या तळाला ठेवलीच नाहीत. मग सगळ्याला माशाचं तेल चोळलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी होड्यांना लावून उरलेला निळा रंग मला लावला. त्या तेलाचा वास असा जबरदस्त होता की मांजरं माझ्याभोवती घुटमळू लागली आणि तांबड्या कोंबडीने घर बदललं.

अगदी शेवटी मामाने तळाच्या सगळ्यात खोल जागी एक भोक पाडलं आणि त्यात लाकडाचं बूच ठोकलं.

"याचा काय उपयोग?" हरेशने विचारलं.

"होरीला बूच लागतंच. आत पानी साठलं का काढायचं. आणि ऐक, नव्या होरीला पयला दिवा दाखवायच्या आधी बूच काढून बघायचं. आत कोरडी असंल तरच दिवा. आमच्या घरची रीत हाय."

हरेश मान हलवून विसरून गेला. मी मात्र त्या बुचाला घाबरले. माझ्या तळालाच भोक! वाटेत निघालं तर? मला काय ठाऊक, खरी भीती त्याच्या वरच्या बाजूला जमणार होती.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी गाड्यांची, अवजारांची पूजा होते, तुम्हाला माहीत आहेच. हरेशने सकाळी मला पहिल्यांदा रस्त्यावर काढलं. माझी टाकी काठोकाठ भरली. परत येताना समोरून ट्रेलर आला. तो अंगावर येतोय असं बघून हरेशने मला रस्त्याच्या कडेला दगडांवर घातलं. मी दणादण आदळले. ट्रेलर निघून गेला, हरेशने सुटकेचा श्वास टाकला आणि मला घरी आणून अंगणात उभं केलं. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. माझं नाक खाली आणि मागची भरलेली टाकी वर. चाकांना दगड लावून तो आंघोळीला गेला.

आणि मला आत ओलावा जाणवला.

त्या आदळण्यात रबराच्या तुकड्याची पकड सुटली होती. टाकी वर असल्यामुळे पेट्रोल आपसूक खाली येत होतं, थेंब थेंब, आणि काथ्याच्या चटईखाली साठत होतं. साध्या तळातून ते केव्हाच जमिनीत मुरलं असतं. पण माझा तळ होडीचा होता. त्यातून काही म्हणजे काही बाहेर जात नव्हतं. वास यायला हवा होता, पण माशाच्या तेलाने सगळ्यांची नाकं मारून टाकली होती.

मित्रांनो, अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. समुद्र, दरी, भंगारवाला, सगळं तिच्यापुढे काहीच नाही. ओरडावंसं वाटलं, पण हॉर्न कोणी दाबल्याशिवाय गाडीला तोंड नसतं. मी नुसती उभी होते, गळ्यात झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं आणि पोटात पेट्रोल.

दमयंती नवं लुगडं नेसून बाहेर आली. हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, आणि पेटलेलं निरांजन.

"मामा अजून आला नाय," हरेश म्हणाला.

"येल तवा येल. वारा बघ किती सुटलाय, दिवा रवत नाय."

तिने माझ्या नाकावर कुंकू लावलं. ज्योत फडफडली, तिने हात आडवा धरला. पुन्हा फडफडली. मग ती आपल्याशीच म्हणाली, "आत ठेवते. आत वारा लागनार नाय."

तिने दार उघडलं. रोज अंडं काढायला उघडायची तसंच, सवयीने. मला तिचा हात दिसत होता, त्यातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. ती वाकू लागली. ज्या बाईने मला गाडीचं मढं म्हटलं आणि मग रोज माझ्याशी गप्पा मारल्या, तिला मीच जाळणार होते. आता संपलं, असं मला वाटलं.

"दमे! मना टाकून पूजा करतंस?"

फाटकात काशिराममामा उभा होता, घामाघूम आणि रागावलेला. दमयंती ताट घेऊन सरळ उभी राहिली.

"तुजीच वाट बघून दमलो आमी."

"बूच काढलंस?"

"आता सणासुदीचं बूच कसलं मामा," हरेश कुरकुरला. "कालच पुसलंय सगळं. कोरडी हाय."

"कोरडी हाय त बघायला काय जातंय? काढल्याबिगर दिवा नाय."

आणि तो म्हातारा कोरं धोतर मातीत घालून माझ्याखाली सरपटत शिरला. त्याने बूच पिळून उपटलं. धार लागली.

"हरेश, पानी कसं रं आत..." तो म्हणाला आणि त्याने हात नाकाशी नेला. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तरी पेट घेईल.

"दमे. ह्ये पेट्रोल हाय. दिवा पारू नको. घरात जा. मागं मागं जा."

दमयंतीचा चेहरा पांढरा पडला. दसऱ्याचा दिवा फुंकायला तिचं मन धजेना आणि पाऊलही उचलेना. वारा आला. ज्योत तिच्या अंगठ्याकडे झुकली. तिने चटका सोसला, पण ताट हलू दिलं नाही. मग एक पाऊल, आणखी एक, माझ्यावरची नजर न काढता ती चढावरून मागे मागे जात राहिली. उंबरठा तिच्या टाचेला लागला, तो ओलांडून तिने ताट आत ठेवलं. निरांजन अजून जळत होतं.

हरेशने सुटलेली नळी बांधली आणि सांडलेल्या पेट्रोलवर टोपल्या भरभरून माती टाकली. काम झाल्यावर मामा आणि भाचा माझ्या चाकाला टेकून बसले.

"माज्या तेलानं वास लपवला," मामा म्हणाला.

"नळी आतून मी नेली मामा."

आतून दमयंतीच्या रडण्याचा आवाज येत होता. ती मोकळेपणाने रडत होती आणि माझाही ऊर भरून आला होता.

नंतर हरेशने नळी बाहेरून, लोखंडी पट्टीच्या आडोशाने नेली. फळ्यांना पाणी जायला पुन्हा भोकं पाडली. आता बुचाचं काही काम उरलं नव्हतं. तो ते काढून टाकायला निघाला, तर दमयंतीने त्याचा हात धरला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काशिराममामा आता नाही. माझा निळा रंग उडाला आहे आणि ट्रेलरचा आवाज आला की मी अजूनही दचकते. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी मुकी वस्तू असेल. तिला पुसा, रंगवा, हार घाला, आम्हाला ते आवडतं. पण आधी एकदा वाकून तिच्या खाली बघा. आमच्या पोटात काय साठलं आहे ते आम्हाला सांगता येत नाही हो.

दर दसऱ्याला दमयंती दिवा घरात ठेवून रिकाम्या हातांनी बाहेर येते. गुडघे दुखत असले तरी जमिनीवर बसते, माझं बूच काढते आणि खाली तळवा धरून थांबते. मीही श्वास रोखून थांबते. मग ती तो कोरडा तळवा माझ्या नाकावर ठेवते, म्हणते, "कोरडी हाय गं बाय," आणि दिवा आणायला आत जाते.